तोच ठराव, एक नाव बदलून

क्लॉनड्रिफ गावात चारशे माणसं, दोन चर्च, एक पूल आणि एक सेक्रेटरी. सेक्रेटरीचं नाव माधवी दिघे, मूळ मुक्काम ठाणे, नौपाडा. पुलाच्या अलीकडे आयर्लंडचं प्रजासत्ताक, पलीकडे उत्तर आयर्लंड, म्हणजे राणीचं राज्य. गाव मात्र एकच. पलीकडच्या बेकरीतला पाव अलीकडे येतो, आणि अलीकडे पेट्रोल स्वस्त झालं की पलीकडच्या गाड्या इकडे येऊन रांग लावतात. अलीकडे कॅथलिक जास्त, पलीकडे प्रोटेस्टंट जास्त, आणि दोन्हीकडे दुसऱ्यांची थोडी थोडी घरं. एवढं समजलं की इथलं सगळं राजकारण समजलं, असं माधवीला पहिल्या महिन्यात वाटलं होतं. त्या समजुतीची आठवण झाली की पुढची चार वर्षं ती स्वतःलाच हसत होती.

ती आली २०१४ साली. त्याआधी राजधानीच्या उपनगरात, सिटीवेस्टच्या एका फ्लॅटमध्ये राहायची. मग मुकुलला, तिच्या नवऱ्याला, गावापासून चाळीस मिनिटांवरच्या सरकारी इस्पितळात भूलतज्ज्ञाची कायमची नोकरी लागली आणि तिलाही इन्सुलिन पंप बनवणाऱ्या एका कारखान्यात काम मिळालं. घर मोठं, भाडं निम्मं, खिडकीतून नदी. फक्त बोलायला माणूस नाही. अशा वेळी हार्डवेअरच्या दुकानात खिळे घ्यायला गेली असताना काउंटरमागच्या बाईंनी विचारलं, "तुला मिनिट्स लिहिता येतात का गं?"

त्या बाई म्हणजे हेझल अर्विन. वय चौसष्ट, धर्माने प्रोटेस्टंट, आवाज तोफेसारखा. गावाच्या टायडी टाउन्स समितीच्या त्या अध्यक्ष. ही देशभरातल्या गावांची स्वच्छतेची स्पर्धा. उन्हाळ्यात परीक्षक न सांगता येऊन मार्क देऊन जातो आणि वर्षभर लोक त्या मार्कांवरून एकमेकांची उणीदुणी काढतात. मार्क फक्त पुलाच्या अलीकडच्या भागाला, पण हेझल पलीकडच्या कुंड्याही भरायला लावायच्या. "पुलावरून बघताना वाईट दिसतं," एवढंच कारण. उपाध्यक्ष डेक्लन, कॅथलिक, पुलापलीकडच्या गेलिक फुटबॉल क्लबाचा रखवालदार. गेलिक फुटबॉल हा आयरिशांचा देशी खेळ, इथे तो कॅथलिकच खेळतात. सेक्रेटरीची जागा मात्र वर्षभर रिकामी होती. कॅथलिक माणसाने इतिवृत्त लिहिलं की प्रोटेस्टंटांना शंका यायची, प्रोटेस्टंटाने लिहिलं की कॅथलिकांना. माधवी दोघांतलीही नव्हती. झाली सेक्रेटरी.

आणि तिने पहिल्याच सभेत घोळ घातला. आयरिश समितीचं इतिवृत्त म्हणजे अर्धं पान. 'कुंड्यांविषयी चर्चा झाली. पुढील सभा मंगळवारी.' संपलं. माधवीने पाच पानं आणली. कोण काय म्हणालं ते अवतरणचिन्हांत, त्यावर कोण काय म्हणालं तेही, आणि कोण गप्प बसलं याचीही नोंद. सभेत ती मोठ्याने वाचली, मग विचारलं, "बरोबर आहे? कायम करू?" सगळ्यांनी एकमेकांची तोंडं पाहिली. डेक्लन म्हणाला, "माधवी, इथे 'चर्चा झाली' एवढं पुरतं." ती म्हणाली, "पण कोणती चर्चा?" त्यावर जो हशा पिकला, त्यातून तिला 'मिनिट्सची मंत्री' ही पदवी मिळाली.

खोड तिची नव्हती, वडिलांची होती. सुभाष दिघे यांनी नौपाड्यातल्या आपल्या सोसायटीचं सेक्रेटरीपद सव्वीस वर्षं सांभाळलं. "आज बोलतात आणि उद्या 'मी असं म्हणालोच नव्हतो' म्हणतात," हे त्यांचं माणसांविषयीचं एकूण मत. अक्षर चांगलं म्हणून सातवीपासून माधवीच त्यांची इतिवृत्तं पक्की करून लिहायची. तिला वाटे, जगात सगळीकडे असंच लिहितात. गाव हसलं, तरी तिने सवय सोडली नाही. चार वर्षांत गावालाही ती सवयीची झाली, आणि हेझलशी तर अशी गट्टी जमली की शनिवारी दुकानाच्या मागच्या खोलीत दोघींचा चहा ठरलेला.

२०१८च्या मार्चमध्ये कुणीतरी डेक्लनच्या क्लबाचं दार जाळलं. आतली कपडे बदलायची खोली, मुलांचे बूट, जर्सी, सगळी राख. भिंतीवर कॅथलिकांना चालते व्हा असं सांगणारं काय काय रंगवलेलं. त्या महिन्याच्या सभेला दोन्हीकडचे काउन्सिलर हजर होते. नेहमीच पाहुणे म्हणून यायचे, बिस्किटं खाऊन जायचे. अलीकडचे पॉड्रिग मॅकेना, कॅथलिकांचे लाडके, उठले आणि अकरा मिनिटं बोलले. टेबलावर मूठ आपटून म्हणाले, "हा हल्ला चार भिंतींवर झालेला नाही. आमच्या माणसांवर झालाय. ही आमची माणसं याच मातीतली आहेत, ती कुठेही जाणार नाहीत, आणि मी त्यांच्या पाठीशी उभा आहे." माधवीच्या अंगावर काटा आला. तिने शब्द न शब्द लिहिला. क्लब ज्यांच्या मतदारसंघात होता ते पलीकडचे नॉर्मन एलियट, प्रोटेस्टंटांचे पुढारी, फोनकडे बघत होते. आग्रहच झाला तेव्हा म्हणाले, "नासधूस नेहमीच खेदजनक असते. पोलिसांचं काम पोलीस करतील." तेही तिने लिहिलं.

जूनमध्ये अलीकडचा ऑरेंज हॉल जळला. ऑरेंज हॉल म्हणजे प्रोटेस्टंटांच्या लॉजची, त्यांच्या संघटनेची, इमारत. जुलैत तिथून मिरवणूक निघते म्हणून बाकीच्यांना ती डोळ्यांत सलते. एरवी वर्षभर तिथे बॅडमिंटन आणि फुलांचं प्रदर्शन. छप्पर हेझलच्या वडिलांनी स्वतःच्या हातांनी बसवलेलं. ते कोसळलं. या वेळी नॉर्मन उठले. "जाळणारे अंधारात येतात, कारण उजेडात दाखवायला त्यांना तोंड नसतं. या इमारतीत आमची मुलं खेळायला शिकली. ती पुन्हा उभी राहीपर्यंत मी गप्प बसणार नाही." आणि पॉड्रिग? हॉल त्यांच्याच मतदारसंघात, त्यांच्या घरापासून हाकेच्या अंतरावर. त्यांनी तोंडात मिठाची गुळणी धरली. शेवटी अलीकडच्या पोलिसांचं, म्हणजे गार्डांचं, नाव पुढे करून एवढंच, "गार्डांचा तपास चालू आहे. बोलणं योग्य नाही."

दुसऱ्याच्या डोळ्यातलं कुसळ दिसतं, पण स्वतःच्या डोळ्यातलं मुसळ दिसत नाही, असं आपण म्हणतो. इथे तर दोघांनी मुसळं वाटून घेतली होती. ज्याने त्याने नदीपलीकडची आग पाहायची, आपल्या दारातली नाही. माधवी त्या सभेत लिहिता लिहिता संतापली, पण तेव्हा काही बोलली नाही. याची तिला पुढे लाज वाटली.

आठवड्याने हेझलने तिच्या हातात पाकीट ठेवलं. अध्यक्षपदाचा राजीनामा. दुकान विकायचं, मुलीकडे बॅलीमिनाला राहायला जायचं.

"एकोणीस वर्षं मी या गावाच्या कुंड्या भरल्यात," हेझल म्हणाल्या. आवाजातली तोफ कुठेच नव्हती. "आगीचं मला काही नाही. आग लावणारे कुठेही असतात. पण पॉड्रिग लहानपणी माझ्या दुकानात गोट्या घ्यायला यायचा गं. त्याला माझ्यासाठी एक वाक्य सापडलं नाही."

"आणि अलीकडची बाकीची प्रोटेस्टंट घरं?"

"मी गेले की स्टीवर्ट जातील. मग दोघी बहिणी. तीन-चार वर्षांत सगळे. कुणी हाकललं असं नाही म्हणता येणार. आम्ही आपले निघून गेलो, असं म्हणतील."

माधवी घरी आली ती रडतच. मुकुल ड्यूटीवरून नुकताच आला होता, प्रेसमधून, म्हणजे कपाटातून, चहाचा डबा काढत होता.

"माधवी, तू ह्यात पडू नकोस," तो म्हणाला. "आपण ब्लो-इन आहोत इथे. वाऱ्याने येऊन पडलेले. आज सगळे आपल्याशी चांगले आहेत, सगळं ग्रँड चाललंय. दोघांनाही दुखावलंस तर मग आपलं कोण आहे यार इथे?"

"आणि उद्या आपल्या खिडकीवर दगड आला तर? यूअर मॅन, आपला तो पॉड्रिग, काय म्हणेल सांगू? 'गार्डांचा तपास चालू आहे.' नॉर्मन म्हणेल, 'खेदजनक.' आपल्याला तर ओरडणारा एकसुद्धा नाहीये, मुकुल. आणि हेझल गेली तर मला इथे एकच मैत्रीण होती, तीही गेली."

मुकुलने दोन कप चहा केला आणि एक तिच्यापुढे ठेवला. म्हणाला, "मग बाबांना फोन कर. असल्या लफड्यांत ते एक्स्पर्ट आहेत."

बाबांनी ठाण्याहून सगळं ऐकून घेतलं. त्यांना प्रोटेस्टंट-कॅथलिक यात काडीचा रस नव्हता. त्यांनी विचारलं, "भाषणं लिहिलीयेस? दोघांची? जशीच्या तशी?"

"शब्द न शब्द, बाबा."

"मग रडतेस कशाला? अगं, आपल्याकडे गॅलरी बंद करणाऱ्यांना नोटीस काढायचो ना आम्ही, तेव्हा मजकूर आधी मंजूर करून घ्यायचो, फ्लॅट नंबरची जागा कोरी ठेवून. मग तीच नोटीस तिसऱ्या मजल्यावर तुझ्या मामाला गेली, तेव्हा त्याला बोलायला तोंड नव्हतं. मजकूर त्यानेच सुचवला होता! तुझ्याकडे दोन मजकूर आहेत. त्यांचेच आहेत. फक्त नाव बदल. आणि ते राजीनाम्याचं पत्र अजेंड्यावर सगळ्यात शेवटी टाक."

जुलैच्या सभेला हेझल आल्या नाहीत. डेक्लन अध्यक्षाच्या खुर्चीत बसला. बिस्किटांची बशी फिरली. माधवी उभी राहिली आणि वाचायला लागली. मार्चचं इतिवृत्त, मग जूनचं. पॉड्रिगची अकरा मिनिटं तिने पूर्ण वाचली, मूठ आपटल्याची नोंदसुद्धा. नॉर्मनचं अंधार-उजेडाचं वाक्य वाचलं. मग 'खेदजनक'. मग 'बोलणं योग्य नाही'. लागोपाठ वाचल्यावर ते असं काही ऐकू आलं की मागच्या रांगेतलं कुणीतरी नकळत "अरे देवा" म्हणालं.

"बरोबर लिहिलंय का? काही बदल?" तिने दोघांना विचारलं. दोघांनीही मान हलवली, बरोबर आहे. तिने सह्या घेतल्या. सही करताना आपण कशावर करतोय, हे दोघांपैकी एकाच्याही लक्षात आलं नाही.

मग तिने दोन कागद काढले. "हे दोन ठराव. पहिला श्री. मॅकेना यांच्या शब्दांत. दुसरा श्री. एलियट यांच्या. एका अक्षराचाही ध चा मा केलेला नाही. फक्त मॅकेनांच्या मजकुरात क्लबाच्या जागी ऑरेंज हॉल आहे आणि एलियटांच्या मजकुरात हॉलच्या जागी क्लब. शनिवारी सकाळी ज्याने त्याने आपापल्या मतदारसंघातल्या जागी उभं राहून आपला मजकूर वाचावा, अशी सूचना मी मांडते."

पॉड्रिगचा चेहरा लाल झाला. "माधवी, तू बाहेरून आलेली आहेस. मिरवणूकवाले त्या हॉलमधून निघून माझ्या आजोबांच्या दारासमोर मुद्दाम थांबून ढोल बडवायचे. तासभर. आजोबा आजारी असताना. ते आणि हे सारखं नाही."

नॉर्मन हळू आवाजात म्हणाले, "त्या क्लबाला ज्याचं नाव दिलंय, त्याने काय केलं ते माझ्या काकांना विचारा. पण ते नाहीत विचारायला."

हे माधवीला खरंच ठाऊक नव्हतं. "मी हेही लिहून घेते," ती म्हणाली आणि तिने खरंच लिहून घेतलं. सगळे ती लिहीपर्यंत थांबले. मग तिने मान वर केली. "तुमच्या आजोबांना त्रास झाला, तुमच्या काकांचा जीव गेला. मी त्याला लहान म्हणणार नाही. पण मार्चमध्ये डेक्लनच्या क्लबातल्या नऊ वर्षांच्या मुलांचे बूट जळले, श्री. एलियट. त्यातल्या कोणत्या मुलाने तुमच्या काकांना मारलं? आणि श्री. मॅकेना, हेझल अर्विन यांनी कधी ढोल वाजवला? त्या तुम्हाला गोट्या विकत होत्या. त्या आता गाव सोडून चालल्यात. त्यांचा राजीनामा विषय क्रमांक नऊ आहे."

पॉड्रिगने झटकन मान वळवली. "हेझल चाललीय? कुठे?"

डेक्लनने अजेंड्यावरच्या नवव्या ओळीवर बोट ठेवलं. इकडे आड तिकडे विहीर अशी दोघांची अवस्था झाली होती. हो म्हणावं तर आपले मतदार काय म्हणतील, नाही म्हणावं तर स्वतःच्याच सहीखालचे स्वतःचे शब्द नाकारायचे. पाच मिनिटं दोघेही 'तो आधी' या एकाच मुद्द्यावर अडून बसले. तेव्हा डेक्लन खुर्चीतून उठला. त्याचा क्लब जळला होता, त्यामुळे त्याच्यापुढे बोलायची कुणाची छाती नव्हती.

"मी चार महिने वाट बघतोय, नॉर्मन," तो म्हणाला. "तुझं घर माझ्या क्लबाच्या भिंतीला लागून आहे. मला पॉड्रिगचं भाषण नको होतं, ते मला फुकट मिळतं. मला तुझं हवं होतं. आणि त्यासाठी पॉड्रिगला हेझलच्या हॉलपुढे उभं राहावं लागणार असेल, तर त्याला खांद्यावर उचलून न्यायची माझी तयारी आहे. आधी क्लब, मग हॉल. ज्या क्रमाने जळले त्या क्रमाने. मतदान."

मतदानाची गरजच पडली नाही. नॉर्मननी कागद उचलला, घडी घालून खिशात ठेवला. पॉड्रिगने जरा वेळाने उचलला. डेक्लनने घड्याळ बघून सभा तहकूब केली. विषय क्रमांक नऊपर्यंत कुणी पोचलंच नाही. हेच तर माधवीला हवं होतं.

तिला शनिवारी तीस माणसं येतील असं वाटलं होतं. साडेदहाला क्लबापुढे दोनशेच्या वर माणसं होती. प्रोटेस्टंट घरांतली मंडळी पहिल्यांदाच क्लबाच्या कुंपणाच्या आत आली होती आणि हात कुठे ठेवावेत हे त्यांना कळत नव्हतं. मुकुल रात्रपाळी करून थेट आलेला, डोळे तांबारलेले. नॉर्मन खणखणीत आवाजात वाचत गेले. "या इमारतीत आमची मुलं खेळायला शिकली. ती पुन्हा उभी राहीपर्यंत मी गप्प बसणार नाही." वाचून झाल्यावर ते क्षणभर थांबले आणि कागदात नसलेलं एक वाक्य म्हणाले, "मला उशीर झाला, डेक्लन." डेक्लनने त्यांचा हात जो धरला तो पूल संपेपर्यंत सोडला नाही. अख्खी गर्दी त्या दोघांच्या मागून चालत अलीकडे आली.

हॉलच्या काळ्या भिंतींपुढे हेझल एकट्याच उभ्या होत्या. त्यांना कुणी बोलावलं नव्हतं. एवढी माणसं पुलावरून येताना पाहून त्यांनी हाताची घडी घट्ट केली. पॉड्रिग पुढे झाले. कागद उघडला. त्यांच्या सभांना टाळ्या वाजवणारी तरुण पोरं पुढेच उभी होती आणि ती टाळ्या वाजवायच्या बेतात अजिबात नव्हती.

"हा हल्ला चार भिंतींवर झालेला नाही," त्यांनी वाचलं. "आमच्या..." आणि अडखळले. मार्चमध्ये हाच शब्द त्यांनी मूठ आपटून म्हटला होता. "आमच्या माणसांवर झालाय," ते म्हणाले, अगदी बारीक आवाजात. "ही आमची माणसं याच मातीतली आहेत, ती कुठेही जाणार नाहीत."

मग हेझल बोलल्या, आणि तोफ परत आली होती.

"मला नीट ऐकू आलं नाही, पॉड्रिग. वारा आहे. परत म्हण."

वाऱ्याचा मागमूस नव्हता. पॉड्रिगने त्यांच्याकडे पाहिलं. कागदाची घडी घालून खिशात ठेवली. मग आपल्या पोरांकडे तोंड करून, नदीपलीकडे ऐकू जाईल अशा आवाजात ते म्हणाले, "ही आमची माणसं आहेत. हेझल अर्विन आमची आहे. ती कुठेही जाणार नाही, आणि तिच्या हॉलला हात लावायचा असेल त्याची आधी माझ्याशी गाठ आहे!"

आधी डेक्लनने टाळी वाजवली. मग नॉर्मननी. मग टाळ्यांचा असा कडकडाट झाला की पुलावरचे कावळे उडाले, आणि पुढच्या पोरांपैकी दोघा-तिघांनी खाली बघत का होईना, पण वाजवल्या. माधवीला हसूही येत होतं आणि रडूही. आपण हे केलं, असं तिला स्पष्ट वाटलं आणि त्याचा तिला अजिबात संकोच वाटला नाही.

हेझल गर्दीतून वाट काढत तिच्यापर्यंत आल्या. "सेक्रेटरी, माझं एक पत्र आहे तुझ्याकडे."

"आहे. विषय क्रमांक नऊ."

"फाड ते."

सुभाष दिघेंच्या मुलीने जन्मात कधी दप्तरातला कागद फाडला नव्हता. तिने बगलेतली फाइल उघडली, पत्र काढलं, आणि चारशेच्या गावापैकी निम्म्याहून जास्त लोकांसमोर त्याचे जमतील तेवढे तुकडे केले.